एकट्याने लांबचा बाइक प्रवास: बदलत्या हवामानाची तयारी आणि रस्त्यावरचे निर्णय

लांबच्या प्रवासात हवामान बदलतंच. रस्ता डोंगर चढून उतरणारा असेल तर एकाच दिवसात धुकं, कडक ऊन, वादळी पाऊस आणि गारठा असं सगळं वाट्याला येऊ शकतं. पण गाडी घसरते किंवा माणूस कोलमडतो, तेव्हा त्यामागे बहुधा उशिरा घेतलेला एखादा निर्णय असतो. कपडे भिजल्यावर रेनसूट चढवला, बोटं बधिर झाली तरी ‘आता वीसच किलोमीटर राहिले’ म्हणत गाडी रेटली, काळोख पडल्यावर मुक्काम शोधायला घेतला. चार जण सोबत असले की कुणीतरी हात दाखवून थांबवतं. एकट्याला थांबवणारं कुणी नसतं, आणि गारठलेलं किंवा उन्हाने शिणलेलं डोकं स्वतःच्याच अवस्थेचा अंदाज सगळ्यात आधी चुकवतं. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांचा रोख एकच आहे: जे करायचं ते गरज पडण्याच्या थोडं आधी.

मर्यादा घरी बसून ठरवा

कुठे थांबायचं हे रस्त्यावर ठरवू नका. घरी, कोरड्या कपड्यांत, पोट भरलेलं असताना ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून ती टँक बॅगच्या (पेट्रोलच्या टाकीवर बसवायच्या पिशवीच्या) प्लास्टिकच्या कप्प्यात ठेवा. आकडे आपापल्या अनुभवाप्रमाणे बदलतील, पण नमुना असा: शंभर मीटरच्या पुढचं दिसेनासं झालं की पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं. रस्त्यावरून पाणी वाहतंय आणि तळ दिसत नाही, तर त्यात गाडी घालायची नाही. तापमान ३ अंशांच्या खाली आणि रस्ता ओला, तर पुढे जायचं नाही. हुडहुडी सुरू झाली की पहिला आडोसा. सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्काम. नियम मोडावासा वाटेल त्या क्षणी चिठ्ठी वाचायची. ती लिहिणारा माणूस तेव्हाच्या तुमच्यापेक्षा शहाणा असतो.

दिवसाचा पल्ला किलोमीटरमध्ये मोजण्यापेक्षा गाडीवर बसण्याच्या तासांमध्ये मोजा. रोज सहा-सात तास हे बहुतेकांना अनेक दिवस झेपतं, त्यापुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशी शरीर वसुली करतं. सपाटीच्या मोठ्या रस्त्यावर सहा तासांत साडेतीनशे-चारशे किलोमीटर होतील, वळणावळणाच्या घाटात तेवढ्याच वेळात दोनशेही होणार नाहीत, आणि पाऊस लागला तर त्यातूनही पाव भाग वजा करा. दर चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. तो हवामानासाठी आहे. हवा चांगली राहिली तर विश्रांतीला वापरा. परतीची तारीख घट्ट बांधलेली असणं ही अख्ख्या नियोजनातली सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे, कारण माणसं वादळात शिरतात ती बहुतेकदा सोमवारी कामावर हजर व्हायचं असतं म्हणून.

रोजच्या मार्गावर ठरलेल्या मुक्कामाखेरीज त्याच्या अलीकडची एक-दोन राहण्याची ठिकाणं खूण करून ठेवा. पेट्रोलचं गणित अर्ध्या टाकीवर ठेवा. समोरून जोराचा वारा असला की मायलेज चांगलंच खाली येतं, आणि एखादा रस्ता बंद निघाला की आलेलं अंतर पुन्हा मागे जावं लागतं.

अंदाज कसा वाचायचा

निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या गावाचा अंदाज पाहून पुरत नाही. मार्गातल्या सगळ्यात उंच जागेचा, तोही तासागणिक, पाहायला हवा. तिथला अंदाज मिळत नसेल तर हिशेब करता येतो. दर हजार मीटर चढाईला हवेचं तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथा ६०० मीटरवर असून तिथे २४ अंश असतील, तर ३२०० मीटरवरच्या खिंडीत साधारण ७ अंश असतील. आता त्यात ताशी ६० किलोमीटरचा वारा मिळवा, म्हणजे तुमचाच वेग. उघड्या त्वचेला ते ७ अंश जवळपास १ अंशासारखे लागतात. दीड-दोन तासांत टी-शर्टच्या हवेतून बर्फाच्या उंबरठ्यावर आलात. तेही अंग कोरडं आहे असं धरून.

पावसाच्या टक्केवारीपेक्षा तासाला किती मिलिमीटर आणि किती वाजता, हे बघा. ८० टक्के शक्यता असलेल्या रिमझिमीत गाडी आरामात चालते, पण ३० टक्के शक्यतेचा ढगफोडीसारखा सडाका अर्ध्या तासात रस्ता बंद करू शकतो. वाऱ्याच्या बाबतीत सरासरी वेगाकडे दुर्लक्ष करून झोतांचा आकडा पाहा. गाडी हलवतात ते झोत.

डोंगरात लवकर निघण्याला ठोस कारण आहे. जमीन तापली की दमट हवा वर चढते, ढग उभे वाढत जातात आणि दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. बर्फाच्या पाण्यावर चालणारे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात आणि ऊन चढलं की दुपारी फुगतात. उंच खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडली की हे दोन्ही प्रश्न निम्मे होतात.

आभाळही वाचायला शिका. फुलकोबीसारखा वर चढणारा ढग माथ्यावर ऐरणीसारखा पसरून सपाट झाला, की तो पूर्ण वाढलेला वादळी ढग आहे. उकाड्यात त्या दिशेकडून अचानक गार वारा अंगावर आला तर पाऊस काही मिनिटांवर आहे. रेनसूट घालायची वेळ तीच.

अंगावर काय

थरांची पद्धत सगळ्यांना माहीत असते, तरी आतला थर सुती घालून लोक सगळं वाया घालवतात. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतं. आत कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा अंगाबरोबर बसणारा थर हवा. लोकरीला वाळायला वेळ लागतो, पण ती ओली असतानाही बरीच ऊब देते आणि चार दिवस न धुता वास मारत नाही, ही एकट्या प्रवाशासाठी छोटी गोष्ट नाही. त्यावर पातळ फ्लीस किंवा घडी करून मुठीत मावणारं पॅडेड जॅकेट, आणि सगळ्यात वर खांदे, कोपर आणि पाठीला आर्मर, म्हणजे मार झेलणाऱ्या गाद्या, असलेलं रायडिंग जॅकेट.

पाण्यासाठी दोन पद्धती आहेत: जॅकेटच्या आत चेनने लावायचं वॉटरप्रूफ अस्तर, किंवा सगळ्याच्या वरून घालायचा रेनसूट. माझं मत स्पष्टपणे वरच्या रेनसूटच्या बाजूने आहे. आतलं अस्तर तुम्हाला कोरडं ठेवतं, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं, वाऱ्यात वाळताना अंग गारठवतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओलंच असतं. शिवाय ते घालायला रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवावं लागतं, म्हणून माणूस टाळत राहतो. वरून घालायचा दोन भागांचा सूट बूट न काढता चढत असेल, तर तुम्ही तो वेळेत घालाल. विकत घेताना दुकानातच बूट आणि जॅकेट घालून, गाडीवर बसल्यासारखं बसून पाहा. पाणी शिरतं ते बहुतेकदा गळ्यातून, मांडीच्या सांध्यातून आणि मनगटातून.

हातमोज्यांचे दोन जोड घ्या, हवेशीर आणि वॉटरप्रूफ. मुसळधार पावसात मोज्याचा कफ जॅकेटच्या बाहीच्या आत गेला पाहिजे, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट बोटांपर्यंत पोहोचतं. वॉटरप्रूफ बुटांची हीच गोष्ट: पँट बुटाच्या वरून यायला हवी, आत खोचलेली नको.

हेल्मेटसाठी पारदर्शक व्हायझर (चेहऱ्यासमोरची काच) आणि त्याच्या आत बसणारी धुकंरोधक दुहेरी काच घ्या. या काचेवर पैसे वाचवू नका. पावसात, थंडीत आणि धुक्यात व्हायझर आतून धुरकट होणं हा त्रास ती जवळजवळ संपवते. काळा व्हायझर एकटा घेऊन निघालात तर संध्याकाळी सहाच्या ढगाळ पावसात आंधळे व्हाल. आणि इअरप्लग. ताशी शंभरच्या वेगात हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. दिवसभर तो ऐकल्याने कानाचं नुकसान होतंच, थकवाही जास्त जाणवतो.

गाडी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. दहा दिवस आधी करा आणि त्यानंतर शंभर-दोनशे किलोमीटर चालवा, म्हणजे सैल राहिलेला नट किंवा गळणारं सील घराजवळच कळेल.

टायर अर्धे झिजले असतील आणि वाटेत पाऊस असेल, तर नवे टाकूनच निघा. खाचांमधली झीज दाखवणारी पट्टी रबराच्या पातळीला येईपर्यंत वाट पाहणं कोरड्यात चालून जाईल, ओल्यात पाणी बाजूला ढकलायला खाचांची खोलीच कामाला येते. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, तेव्हा पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून आणि कोरड्या रस्त्यावर.

हवेचा दाब हा बदलत्या हवामानात सतत सरकणारा आकडा आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं की ३२ पीएसआयच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने कमी होतो. ३५ अंशांच्या दुपारी भरलेली ३२ ची हवा ५ अंशांच्या पहाटे साडेसत्तावीसच्या आसपास दिसते. उलट उंचावर बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज जास्त आकडा दाखवतं. त्यामुळे तर्क करत बसू नका. स्वतःचं गेज जवळ ठेवा आणि रोज सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, टायर गार असताना मोजा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा काढू नका. सामान लादल्यावरचा दाब गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो, तो वापरा. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोडही (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवा, नाहीतर मागची बाजू दबून हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तुमच्या रस्त्यावर पडत नाही.

ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, बॅटरी, केबल, बल्ब हे मेकॅनिक बघेलच. तुम्ही स्वतः शिकायच्या गोष्टी मोजक्या आहेत: चेनचा ताण तपासून ती तेलवणे, पंक्चर काढणे, फ्यूज बदलणे, क्लचची केबल बसवणे. ट्यूबलेस टायर असेल तर प्लगचा किट आणि छोटा पंप पुरतो. ट्यूबचा टायर असेल तर टायर लिव्हर आणि सुटी ट्यूब लागते, आणि ते काम निदान एकदा घरच्या अंगणात करून पाहिलेलं असावं लागतं. पावसात, पहिल्यांदाच, व्हिडिओ आठवत ते जमत नाही.

गरम ग्रिप किंवा गरम जॅकेट लावणार असाल तर गाडीचा आल्टरनेटर तेवढी वीज देतो का ते आधी पाहा. लहान इंजिनांना ग्रिप झेपतात, जॅकेट बहुधा नाही.

सामान

जड वस्तू खाली आणि दोन चाकांच्या मध्ये. मागच्या टॉप बॉक्समध्ये अवजारं आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या की वाऱ्यात हँडल हलकं होऊन वळवळायला लागतं. डाव्या-उजव्या बॅगांचं वजन सारखं ठेवा. वॉटरप्रूफ कव्हरवर विसंबू नका, ती वेगात फुगून उडतात. तोंड गुंडाळून बंद करायच्या ड्राय बॅगा घ्या आणि तोंड किमान तीन वळसे गुंडाळा. झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत सीलबंद ठेवा, काहीही झालं तरी ती रस्त्यात उघडायची नाही.

रेनसूट, वॉटरप्रूफ हातमोजे आणि उबदार थर या तीन गोष्टी सामान न सोडता दोन मिनिटांत हातात आल्या पाहिजेत. सामानाची बांधणी बरोबर आहे की नाही याची माझ्या मते हीच एक परीक्षा. रेनसूट तळाशी असेल तर तुम्ही ‘सर येऊन जाईल’ असं स्वतःला समजावत भिजाल.

पाऊस

बऱ्याच दिवसांच्या कोरड्यानंतरचा पहिला पाऊस सगळ्यात घसरडा. रस्त्यावर साचलेलं तेल, धूळ आणि टायरचं रबर पाण्यात मिसळून पातळ थर तयार होतो. पहिली वीस-तीस मिनिटं थांबता आलं तर थांबा. जोरदार सर बराचसा थर धुऊन नेते, रिमझिम मात्र तो तसाच पसरवून ठेवते.

ओल्या रस्त्यावर पकड असते, पण ती घाई सहन करत नाही. सगळं हळू आणि सलग करायचं: थ्रॉटल, ब्रेक, कलणं. एक गिअर वर ठेवा, म्हणजे मागच्या चाकाला धक्के बसणार नाहीत. पुढचा ब्रेक सोडून देण्याची सवय चुकीची आहे. ओल्यातही थांबवण्याचं जास्त काम पुढचाच करतो, फक्त तो आधी हलका दाबून वजन पुढे येऊ द्यायचं आणि मग जोर वाढवायचा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण थांबण्याचं अंतर जादूने कमी करत नाही.

ते अंतर डोक्यात असू द्या. ताशी ८० च्या वेगात तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. संकट दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर पुढे साधारण ३६ मीटर, ओल्यावर ५० च्या आसपास. म्हणजे एकूण ८० मीटरहून जास्त. हाच वेग ६० वर आणला तर ओल्या रस्त्यावरही एकूण ५३-५४ मीटरमध्ये गाडी उभी राहते. वीसचा वेग कमी केल्याने तीस मीटर परत मिळतात. पावसात एवढा स्वस्त सौदा दुसरा नाही.

रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पुलांचे धातूचे सांधे, ओला पाला आणि इंद्रधनुषी रंगाचे डाग यांच्यावरून जावंच लागलं तर गाडी सरळ, ब्रेक आणि थ्रॉटल स्थिर. पेट्रोल पंपाच्या आसपास आणि गोल चौकात सांडलेलं डिझेल असणारच असं धरून चाला. पुढच्या वाहनाच्या चाकांनी पाणी बाजूला सारलेल्या पट्ट्यांतून चालवा, पण त्याच्या फवाऱ्यात घुसू नका.

साचलेल्या डबक्याखाली खड्डा आहे असंच समजा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर प्रवाह फसवतो: वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी उभ्या माणसाला पाडू शकतं, आणि ३० सेंटिमीटरमध्ये अनेक कार तरंगू लागतात. पायी चालून पाहता येणार नाही अशा पाण्यात गाडी घालायची नाही. स्थिर, उथळ पाण्यातून जाताना पहिला गिअर, थ्रॉटल थोडा चढा आणि सलग, मध्ये थांबणं नाही. बाहेर पडल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा, म्हणजे डिस्क आणि पॅड वाळतील. गाडी पाण्यात बंद पडली तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ढकला, एअर फिल्टर पाहा, स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा, मगच सुरू करा.

वीज

वीज चमकल्यावर आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनने भागलं की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर प्रवास थांबवून पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याचं छप्पर असलेल्या बंद कारमध्ये जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. रबरी टायर वाचवतात हा समज निव्वळ खोटा आहे. एकट्या झाडाखाली तर मुळीच नको.

थंडी

बाइकवर थंडी माणसाला मूर्ख बनवते, आणि हेच तिचं खरं शस्त्र आहे. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला असं वैद्यकशास्त्र मानतं, पण त्याच्या बरंच आधी गाडी चालवण्याची क्षमता घसरते. बोटं उशिरा हलतात, क्लच अर्धवट सुटतो, वळणावर नजर जवळच अडकते, इंडिकेटर चालूच राहतो. इंडिकेटर बंद करायला दोनदा विसरलात, तर थांबा. हुडहुडी भरली असेल तर प्रश्नच नाही. आणि हुडहुडी जोरात असताना अचानक थांबली पण तुम्ही ऊबेत आलेला नाही, तर ती सुधारणा नसून धोक्याची पुढची पायरी आहे. अशा वेळी चालवणं बंद. ओले कपडे काढून कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा घ्या, गरम आणि गोड काहीतरी पोटात जाऊ द्या आणि मदत मागा. दारूने ऊब येते असं वाटतं, प्रत्यक्षात त्वचेकडे रक्त वाढून आतली ऊब बाहेर पडते.

हे टाळण्याचा उपाय साधा आहे: चढ सुरू होण्याआधी पायथ्याशी थांबून उबदार थर आणि त्यावर रेनसूट घाला, पाऊस नसला तरी. रेनसूट वारा पूर्ण अडवतो. गळ्याभोवती नळीसारखा रुमाल घ्या. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी प्या, आणि दर तासाला काहीतरी खा. अंग स्वतः उष्णता तयार करतं ते त्याच जळणावर.

काळा बर्फ, म्हणजे रस्त्यावर गोठलेल्या पाण्याचा पातळ पारदर्शक थर, दिसत नाही, म्हणून तो कुठे असू शकतो हे माहीत हवं. पूल आधी गोठतात कारण त्यांना खालूनही गार हवा लागते. डोंगराच्या सावलीतली वळणं दुपारपर्यंत गोठलेली राहतात. ओल्यासारखा दिसणारा रस्ता, पण पुढच्या गाडीच्या चाकांखालून फवारा उडत नाही, तर ते पाणी नाही. अशा ठिकाणी ब्रेक नको, क्लच हळूच ओढा, गाडी सरळ ठेवा.

अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. तीन हजारांच्या वर रोजच्या झोपण्याच्या उंचीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढ करू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहा. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं तर उपाय एकच, खाली उतरणं. गाडीलाही धाप लागते: कार्ब्युरेटरची गाडी काळा धूर सोडते आणि मरगळते, फ्युएल इंजेक्शनची स्वतःला जुळवून घेते, पण दोन्हींची ताकद हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. ओव्हरटेक करताना हे लक्षात ठेवा.

ऊन

हवा ३५ अंशांच्या वर गेली की वारा अंग गार करत नाही, उलट तापवतो. चाळीस अंशांत जॅकेटची सगळी भोकं उघडून जाणारा माणूस स्वतःला वाळवत असतो. आतला टी-शर्ट भिजवा, जॅकेटच्या खिडक्या थोड्याच उघड्या ठेवा. पाणी हळूहळू वाफ होऊन निघतं आणि तासभर गारवा टिकतो. टी-शर्टवर किंवा बिनबाह्यांनी चालवणं उन्हातही नको.

पाणी एकदम लिटरभर पिण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट-घोट, आणि त्यात मीठ-साखरेचे क्षार. लघवी गडद झाली की तुम्ही मागे पडलात. गरगरणं, गोंधळणं किंवा कडक उन्हात घाम यायचा थांबणं हे उष्माघाताचं लक्षण असू शकतं. तिथे सावली, अंगावर पाणी आणि वैद्यकीय मदत. दुपारी बारा ते चार रस्ता सोडून देणं सगळ्यात उत्तम.

धुकं आणि वारा

धुक्यात हाय बीम नको, त्याचा प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर परततो. लो बीम, व्हायझर बोटभर उघडा, नजर रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर. जितकं दिसतं त्याच्या अर्ध्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग. थांबायचं तर रस्त्यापासून पूर्ण दूर जा. कडेला टेललाइट लावून उभी असलेली गाडी मागच्याला चालती वाटते आणि तो तिच्या मागोमाग येतो.

आडवा वारा अंगात ताठरपणा आणतो, आणि ताठर हात वाऱ्याचा प्रत्येक हिसका हँडलपर्यंत पोहोचवतात. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा, थोडं पुढे वाका. लेनच्या त्या भागात राहा जिथून वाऱ्याने ढकललं तरी समोरच्या वाहतुकीत जाणार नाही. वेग कमी केला की एका झोतात बाजूला सरकण्याचं अंतर कमी होतं. मोठा ट्रक ओलांडताना आधी वारा अडतो आणि पुढे निघताच एकदम आदळतो. बोगद्याचं तोंड, पूल आणि दोन टेकड्यांमधली फट इथेही तेच.

एकट्यासाठी खास

रोज घरच्या एका माणसाला तीन गोष्टी कळवा: आजचा मार्ग, मुक्काम, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काय करायचं. शेवटचं महत्त्वाचं. वेळ उलटून किती तासांनी फोन सुरू करायचे आणि कुणाला करायचे हे ठरलेलं नसेल, तर पलीकडचा माणूस नुसता काळजी करत बसतो. नेटवर्क नसलेल्या भागात जात असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं उपकरण घ्या. रक्तगट, ॲलर्जी, औषधं आणि संपर्काचा नंबर लिहिलेलं कार्ड जॅकेटच्या खिशात असू द्या, आणि फोनही अंगावरच. टँक बॅगमधला फोन अपघातात तुमच्यापासून दहा मीटर लांब पडतो.

सामानासकट पडलेली गाडी एकट्याने उचलता येते का, हे निघण्यापूर्वी कुणाला तरी सोबत उभं करून गवतावर पाहा. पद्धत अशी:

१. इंजिन बंद करा. सामान शक्य तेवढं उतरवा.
२. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा. डावीकडे पडली असेल तर स्टँड खाली अडकलेला असतो, मग गिअर टाका म्हणजे ती घरंगळणार नाही.
३. हँडल पूर्ण जमिनीकडे वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवा.
४. एका हाताने खालची ग्रिप, दुसऱ्याने मागची पकड किंवा फ्रेम धरा. पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर छोटी-छोटी पावलं मागे टाका.
५. उभी होत आली की जोर कमी करा, नाहीतर ती पलीकडे जाते.

झोपेच्या बाबतीत स्वतःशी वाद घालू नका. सलग सतरा-अठरा तास जागा असलेला माणूस मद्याचा अंमल असल्यासारखा प्रतिसाद देतो. दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते पाच हे शरीराचे मंद तास. गेले पाच किलोमीटर आठवत नसतील तर थांबून वीस मिनिटं पडा. गाणी लावून किंवा व्हायझर उघडून झोप जात नाही.

मुक्कामाच्या संध्याकाळी

आधी गाडी, मग अंघोळ. ही सक्ती पहिल्या दोन दिवसांनंतर सवय होते. इंजिन गरम असतानाच चेन पुसून तेलवा, कारण कोमट चेनमध्ये तेल नीट मुरतं. कोरड्यात साधारण दर पाचशे किलोमीटरला, पावसात रोज. ओरिंगच्या चेनला पेट्रोल लावू नका, रबरी रिंगा खराब होतात. टायरमध्ये खिळा किंवा काच रुतली आहे का, नट सैल आहेत का, गळती आहे का, लाइट पेटतात का, एवढी फेरी पाच मिनिटांत होते.

ओले बूट हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि झोपण्यापूर्वी एकदा बदला. हातमोजे बोटं खाली करून टांगा. जॅकेटचं आर्मर काढलं की ते निम्म्या वेळात वाळतं.

मग उद्याचा अंदाज, उंच जागेसकट. दोन वेगवेगळे अंदाज जुळत नसतील तर वाईट असेल तो खरा धरा. टँक बॅगमध्ये काय वर ठेवायचं हे त्यावरून आत्ताच ठरवा. खिंडीत बर्फ किंवा दिवसभर वादळ दिसत असेल तर राखून ठेवलेला मोकळा दिवस इथेच खर्च करा, घरच्या माणसाला तसा निरोप द्या आणि सकाळचा गजर बंद करा.